मतं तेवढीच, जागा मात्र वेगळ्या: निवडणूक पद्धत निकालावरून स्वतः तपासून पाहण्याची रीत

नोव्हेंबर २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभा निकालातले दोन आकडे शेजारी ठेवा. काँग्रेसला १२.४२ टक्के मतं, जागा १६. शिंदेंच्या शिवसेनेला १२.३८ टक्के मतं, जागा ५७. मतांत काँग्रेस केसभर पुढे आणि जागांत साडेतीनपट मागे. हा निकाल लागल्यावर कुणी मतदान यंत्रांवर संशय घेतला, कुणी लाडक्या बहिणींना श्रेय दिलं. त्या वादात शिरण्याआधी एक साधं काम करायला हवं होतं. ज्या पद्धतीने मतांच्या जागा होतात, ती पद्धत एकटीच एवढी तफावत पाडू शकते का, हे मोजून पाहायला हवं होतं. ते काम कागद, पेन आणि मोबाइलमधल्या कॅल्क्युलेटरवर होतं. ते कसं करायचं, ते इथे क्रमाने देतो.

‘आपली पद्धत बहुमताची (सर्वाधिक मतांचा एकच विजयी), युरोपातली प्रमाणशीर (मतांच्या प्रमाणात जागा)’ एवढ्यावर चर्चा थांबते. माझ्या मते या नावांवरून फार कमी कळतं. एका मतदारसंघातून किती जण निवडून जातात, मतदाराच्या हातात किती मतं असतात, किमान मतांची अट किती आणि भागाकार कोणत्या रीतीने होतो, या चार गोष्टी कळल्या की नाव विचारायची फारशी गरज उरत नाही.

पायरी १: आकडे गोळा करा, पण आघाडीसकट

निवडणूक आयोगाच्या निकालांच्या संकेतस्थळावर पक्षनिहाय मतं आणि टक्केवारी मिळते. कागदावर चार रकाने आखा: पक्ष, लढवलेल्या जागा, मतांचे टक्के, जिंकलेल्या जागांचे टक्के. लढवलेल्या जागांचा रकाना बहुतेक जण गाळतात आणि तिथेच फसतात. २०२४ मध्ये भाजपने १४९ जागा लढवल्या, शिंदेसेनेने ८१, काँग्रेसने १०१. ज्या मतदारसंघात पक्षाचा उमेदवारच नाही, तिथल्या त्याच्या मतदाराचं मत मित्रपक्षाच्या खात्यात जातं. म्हणून आपल्याकडे पक्षाबरोबर आघाडीचीही बेरीज मांडावी लागते.

महायुतीच्या तीन पक्षांची मतं ४८.१६ टक्के, जागा २३०, म्हणजे सभागृहाच्या ७९.९ टक्के. महाविकास आघाडीच्या तीन पक्षांची मतं ३३.६६ टक्के, जागा ४६, म्हणजे १६ टक्के. दोन्हीकडचे छोटे मित्रपक्ष मी धरलेले नाहीत. त्यांनी चित्र बदलत नाही.

पायरी २: लाभाचा आकडा काढा

जागांच्या टक्क्यांना मतांच्या टक्क्यांनी भागा. उत्तर १ आलं तर मतांइतक्याच जागा मिळाल्या. भाजपचा आकडा १.७१ येतो, शिंदेसेनेचा १.६०, काँग्रेसचा ०.४५.

यावरून लगेच ‘ही पद्धत अमक्या पक्षाच्या बाजूची’ असा निष्कर्ष काढू नका. त्याच वर्षीच्या लोकसभेला याच महाराष्ट्रात महाविकास आघाडीला सुमारे ४४ टक्के मतं आणि ४८ पैकी ३० जागा मिळाल्या. महायुतीला सुमारे ४३ टक्के मतं आणि १७ जागा. मतांत टक्काभराचा फरक, जागांत जवळपास दुप्पट. म्हणजे सहा महिन्यांपूर्वी हाच झुकता काटा दुसऱ्या बाजूला होता. सर्वाधिक मतं मिळवणारा एकच उमेदवार निवडून देणारी पद्धत पक्ष ओळखत नाही. जो थोडा पुढे असतो त्याला ती खूप पुढे नेते, एवढंच तिचं काम.

दुसरी गोष्ट म्हणजे मतं कुठे आहेत. २०१४ च्या लोकसभेत बहुजन समाज पक्षाला देशभरात २ कोटींहून जास्त, म्हणजे ४ टक्क्यांवर मतं पडली आणि जागा शून्य. अण्णा द्रमुकची मतं त्याहून कमी, पण ती जवळपास सगळी तमिळनाडूत. तिथल्या ३९ पैकी ३७ जागा त्या पक्षाने घेतल्या. ब्रिटनमध्ये २०२४ ला हेच दिसलं. रिफॉर्म यूके पक्षाला १४.३ टक्के मतं आणि ५ जागा, लिबरल डेमोक्रॅट्सना १२.२ टक्के आणि ७२. लिबरल डेमोक्रॅट्सनी दक्षिण इंग्लंडमधल्या ठरावीक मतदारसंघांवर जोर लावला. रिफॉर्मची मतं देशभर पातळ पसरली. मजूर पक्ष ३३.७ टक्क्यांवर ६५० पैकी ४११ जागा घेऊन सत्तेत आला.

पूर्ण निकालाचा एकच आकडा हवा असेल तर ज्यांना मतांपेक्षा जास्त जागा मिळाल्या, त्यांचे फक्त जादा टक्के मिळवा. महाराष्ट्र २०२४ साठी मोठ्या पक्षांची ही बेरीज ३१.७ येते, ब्रिटन २०२४ साठी ३० च्या आसपास. हे आकडे बाजूला लिहून ठेवा, पुढे जर्मनीच्या वेळी लागतील.

पायरी ३: तीच मतं यादी पद्धतीत घालून पाहा

हा या सगळ्यातला खरा धडा आहे, म्हणून इथे घाई करू नका. समजा, दहा जागांचा एक मोठा मतदारसंघ आहे आणि तिथे नेमकी राज्यभरातली टक्केवारी पडली आहे. मतदाराने पक्षाच्या यादीला मत द्यायचं. जागा वाटण्याची सर्वांत प्रचलित रीत द’होंटची, स्पेनमध्ये हीच चालते. प्रत्येक पक्षाची मतं १, २, ३, ४ अशा आकड्यांनी भागत जायची आणि सगळ्या भागाकारांतले सर्वांत मोठे दहा निवडायचे.

भाजप: २६.७७, १३.३९, ८.९२, ६.६९, ५.३५
काँग्रेस: १२.४२, ६.२१
शिवसेना (शिंदे): १२.३८, ६.१९
राष्ट्रवादी (शरद पवार): ११.२८, ५.६४
शिवसेना (उबाठा): ९.९६, ४.९८
राष्ट्रवादी (अजित पवार): ९.०१, ४.५१

आता मोठ्याकडून छोट्याकडे मोजा. पहिल्या दोन जागा भाजपला (२६.७७ आणि १३.३९), मग काँग्रेस, शिंदेसेना, शरद पवार, उबाठा, अजित पवार यांना एकेक, मग पुन्हा भाजपला दोन (८.९२ आणि ६.६९). नऊ झाल्या. दहावी जागा ६.२१ वाल्या काँग्रेसची, शिंदेसेना ६.१९ वर अडकली. निकाल: भाजप ४, काँग्रेस २, बाकी चौघांना एकेक. विधानसभेत ज्या ०.०४ टक्क्याला काहीच किंमत नव्हती, ती इथे अख्खी जागा देऊन गेली. प्रमाणशीर पद्धतीतही शेवटची जागा नेहमी असल्याच फरकावर ठरते. ‘प्रत्येक मताला न्याय’ म्हणणाऱ्यांनी हे एकदा स्वतःच्या हाताने करून बघावं.

आता त्याच मतांवर सँत-लाग्यूची रीत लावा. जर्मनी आणि न्यूझीलंडमध्ये ती आहे. भागायचे आकडे १, ३, ५, ७. भाजपचे भागाकार २६.७७, ८.९२, ५.३५, ३.८२ होतात, काँग्रेस आणि शिंदेसेनेचा दुसरा भागाकार अनुक्रमे ४.१४ आणि ४.१३. पहिले दहा मोजले की भाजप ३, काँग्रेस २, शिंदेसेना २, बाकी तिघांना एकेक. मतं तीच, मतदारसंघ तोच, फक्त भागाकाराचे आकडे बदलले आणि भाजपची एक जागा शिंदेसेनेकडे गेली. द’होंट मोठ्या पक्षाकडे झुकते, सँत-लाग्यू मधल्या आणि छोट्या पक्षांना जास्त सांभाळते. कायद्याच्या एखाद्या पोटकलमात दडलेला हा तपशील प्रचारात कुणी बोलत नाही.

मग मतदारसंघाचा आकार बदला. दहाऐवजी तीनच जागा असतील तर द’होंटने भाजप २, काँग्रेस १, बाकी सगळे शून्य. पाच जागा असतील तर भाजप २ आणि काँग्रेस, शिंदेसेना, शरद पवार यांना एकेक. जवळपास १० टक्के मतं घेऊन उबाठा रिकाम्या हाताने घरी. हे मी काढलेलं काल्पनिक उदाहरण वाटेल, पण स्पेनमध्ये सोरिया प्रांतातून दोनच खासदार जातात आणि माद्रिदमधून ३७. माद्रिदमधल्या मतदाराला छोट्या पक्षाला मत देणं परवडतं. सोरियातल्या मतदाराची पद्धत कागदावर प्रमाणशीर असली, तरी व्यवहारात तो दोन मोठ्या पक्षांतूनच निवडतो.

आणखी एक खेळ करून पाहण्यासारखा आहे. आघाड्यांनी एकच संयुक्त यादी दिली तर? दहा जागांत महायुती ६, महाविकास आघाडी ४.

एक सावधगिरी मात्र बाळगा. ही मतं वेगळ्या पद्धतीत पडलेली आहेत. पद्धत बदलली तर पक्ष सगळीकडे लढतील, ‘मत वाया जाईल’ म्हणून दुसऱ्याला मत देणारा मतदार आपल्या आवडत्या पक्षाकडे वळेल आणि आघाड्याही वेगळ्या होतील. म्हणून ‘प्रमाणशीर पद्धत असती तर अमक्याला इतक्या जागा’ असे तक्ते निकालानंतर फिरतात, ते पद्धत समजण्यापुरते घ्या. भाकीत म्हणून घेऊ नका.

पायरी ४: किमान मतांची अट शोधा

बहुतेक यादी पद्धतींत अमुक टक्क्यांखालच्या पक्षांना जागावाटपातच घेत नाहीत. नेदरलँड्समध्ये अख्खा देश एक मतदारसंघ आणि १५० जागा, त्यामुळे एका जागेपुरती, म्हणजे ०.६७ टक्के मतं पुरतात. इस्रायलमध्ये अट ३.२५ टक्क्यांची आहे. २०२२ मध्ये मेरेत्झ पक्ष ३.१६ टक्क्यांवर राहिला आणि संसदेबाहेर फेकला गेला. जर्मनीत अट ५ टक्क्यांची. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत सारा वागेनक्नेख्ट यांचा नवा पक्ष ४.९८ टक्क्यांवर थांबला, फ्री डेमोक्रॅट्सही खाली गेले. असे सगळे मिळून जवळपास १४ टक्के मतांना एकही खासदार मिळाला नाही. मघाची जादा टक्क्यांची बेरीज इथे करा, तीही १४ च्या जवळ येते. महाराष्ट्राच्या ३१.७ पेक्षा ती निम्म्याहून कमी, पण ‘शंभर टक्के प्रमाणशीर’ म्हणून ज्या देशाचा दाखला देतात तिथलं हे आहे.

टोकाचं उदाहरण तुर्कस्तानचं, २००२ चं. पद्धत यादीची, भागाकार द’होंटचा, पण अट १० टक्क्यांची. दोनच पक्ष ती ओलांडू शकले. एर्दोगान यांच्या पक्षाने ३४.३ टक्के मतांवर ५५० पैकी ३६३ जागा घेतल्या. ब्रिटनमधल्या मजूर पक्षाचे आकडे याच्या शेजारी ठेवा: ३३.७ टक्के मतं, ६३ टक्के जागा. एक ‘प्रमाणशीर’, दुसरी ‘बहुमती’, निकाल जवळपास सारखा.

पायरी ५: मिश्र पद्धत असेल तर विचारा, भरपाई आहे का?

काही देशांत मतदार दोन मतं देतो: एक आपल्या मतदारसंघातल्या उमेदवाराला, एक पक्षाच्या यादीला. इथे प्रश्न एकच असतो. यादीतल्या जागा मतदारसंघांतली तफावत भरून काढतात, की आपल्या आपल्या वेगळ्या वाटल्या जातात?

भरपाईची पद्धत न्यूझीलंडने घेतली, आणि तिथला इतिहास आपल्या ओळखीचा वाटेल. १९७८ आणि १९८१ अशा लागोपाठ दोन निवडणुकांत मजूर पक्षाला नॅशनल पक्षापेक्षा जास्त मतं पडली आणि सरकार नॅशनलचं आलं. १९८१ मध्ये सोशल क्रेडिट पक्षाला २०.७ टक्के मतं मिळून ९२ पैकी दोन जागा मिळाल्या. १९८६ मध्ये शाही आयोगाने बदल सुचवला, १९९३ च्या सार्वमतात लोकांनी तो स्वीकारला आणि १९९६ पासून नवी पद्धत लागू झाली. २०११ मध्ये पुन्हा विचारलं तेव्हाही लोकांनी तीच ठेवली. ‘या पद्धतीत एका पक्षाचं सरकार येऊच शकत नाही’ हा समज तिथे २०२० मध्ये मोडला. जसिंडा आर्डर्न यांच्या पक्षाला निम्मी मतं आणि १२० पैकी ६५ जागा मिळाल्या.

भरपाईची किंमतही असते. जर्मनीतही भरपाईचीच पद्धत आहे. सभागृह फुगत जाऊ नये म्हणून तिथे ते ६३० वर बांधून घेतलं आणि पक्षाच्या मतांत बसतील तेवढेच मतदारसंघ-विजेते आत घ्यायचे ठरवलं. २०२५ मध्ये आपापल्या मतदारसंघात पहिल्या आलेल्या २३ उमेदवारांना खासदारकी मिळाली नाही. आपल्याकडे असं झालं तर पहिल्याच दिवशी त्या तालुक्यात रास्ता रोको होईल.

नेपाळमध्ये दोन्ही भाग समांतर चालतात: २७५ पैकी १६५ थेट, ११० समानुपातिक (म्हणजे यादीच्या), यादीसाठी ३ टक्क्यांची अट. २०२२ मध्ये समानुपातिक मतांत एमाले (तिथला एक कम्युनिस्ट पक्ष) पहिली आली, पण एकूण जागांत नेपाळी काँग्रेस ८९ आणि एमाले ७८. यादीने तफावत थोडी कमी केली, पुसली नाही.

पायरी ६: पसंतीक्रमाची मोजणी, आपल्याच विधानभवनातली

भारतात प्रमाणशीर पद्धत नाही, असं कुणी म्हटलं तर त्याला राज्यसभेची आठवण करून द्या. संविधानाच्या अनुच्छेद ८० प्रमाणे आमदार राज्यसभेचे सदस्य एकल संक्रमणीय मताने निवडतात. ही मोजणी समजून घ्यायला १० जून २०२२ ची महाराष्ट्रातली निवडणूक उत्तम आहे. सहा जागा, सात उमेदवार.

वैध मतं २८४. प्रत्येक मताचं मूल्य १०० धरतात, म्हणजे एकूण २८,४००. कोटा काढायला याला जागांपेक्षा एक जास्त, म्हणजे सातने भागा, अपूर्णांक सोडा आणि एक मिळवा: ४,०५८. थोडक्यात, ४१ पहिल्या पसंतीची मतं मिळाली की उमेदवार राज्यसभेत जातो.

पहिल्या पसंतीची मतं अशी पडली: पीयूष गोयल ४८, अनिल बोंडे ४८, इम्रान प्रतापगढी ४४, प्रफुल्ल पटेल ४३, संजय राऊत ४१. हे पाचही कोट्यावर, निवडून आले. उरले शिवसेनेचे संजय पवार ३३ वर आणि भाजपचे धनंजय महाडिक २७ वर. सहावी जागा महाडिकांना मिळाली. टीव्हीसमोर बसलेल्या अनेकांना ते पटेना, कारण ३३ वाला हरतो कसा?

कोट्याच्या वरची मतं वाया जात नाहीत. दुसऱ्या पसंतीप्रमाणे पुढे सरकतात. गोयल आणि बोंडे यांच्याकडे प्रत्येकी ४,८०० मूल्य होतं, लागत होतं ४,०५८. दोघांचं मिळून १,४८४ शिल्लक. महाडिकांना २,७०० वरून कोट्यापर्यंत जायला १,३५८ हवं होतं. पुरलं. पवारांच्या बाजूला पटेलांची शिल्लक २४२, प्रतापगढींची ३४२, राऊतांची ४२. ही सगळी धरली तरी ३,९२६. कोटा नाहीच.

हीच गोष्ट आणखी सोप्या रीतीने तपासता येते. भाजपच्या तिघांची एकूण मतं १२३. तीन कोट्यांना १२,१७४ मूल्य लागतं, त्यांच्याकडे १२,३०० होतं. महाविकास आघाडीच्या चौघांची १६१. चार कोट्यांना १६,२३२ लागतं, त्यांच्याकडे १६,१०० होतं. एका बाजूला तीन कोटे जेमतेम भरले, दुसऱ्या बाजूला चौथा जेमतेम राहिला. शिवसेनेच्या एका आमदाराचं मत त्या दिवशी बाद झालं होतं, आणि निकालाला मध्यरात्र का उलटली, हे या आकड्यांवरून कळतं.

पायरी ७: सरकार कसं बनतं, ते वेगळं तपासा

इथे थोडक्यात उरकतो. ‘सर्वाधिक मतांची पद्धत म्हणजे स्थिर सरकार’ हा दावा २०१९ च्या महाराष्ट्रावर घासून पाहा: ऑक्टोबरमध्ये निकाल, नोव्हेंबरमध्ये राष्ट्रपती राजवट, मग पहाटेचा शपथविधी आणि पाच दिवसांनी दुसराच मुख्यमंत्री. उलट बाजूला बेल्जियमला २०१०-११ मध्ये सरकार बनवायला ५४१ दिवस लागले. दोन्ही दावे उदाहरणासकट खोडता येतात. संविधान सभेत प्रमाणशीर पद्धतीची मागणी झाली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध करताना साक्षरतेचा अभाव आणि तुकड्यांत विभागलेलं सभागृह अशी दोन कारणं पुढे ठेवली होती. पहिलं कारण आज तेवढं लागू नाही. दुसरं अजूनही विचारात घेण्यासारखं आहे. प्रमाणशीर पद्धत हवी म्हणणाऱ्याने आणखी एका प्रश्नाचं उत्तर तयार ठेवावं. आज विधानसभेत अनुसूचित जातींसाठी २९ आणि जमातींसाठी २५ मतदारसंघ राखीव आहेत. यादी आली की हे आरक्षण मतदारसंघात राहणार नाही, यादीतल्या क्रमात उतरवावं लागेल, आणि तो क्रम पक्षश्रेष्ठी लावतील.

पायरी ८: आपल्या प्रभागापासून सुरुवात करा

सर्वांत मोठा गैरसमज आपल्या दारातच आहे. मुंबई सोडली तर राज्यातल्या महापालिकांत एका प्रभागातून बहुधा तीन-चार नगरसेवक निवडले जातात. एका मतदारसंघातून अनेक जण म्हणजे ही प्रमाणशीर पद्धत, असं पुष्कळांना वाटतं. मतदाराच्या हातातली मतं मोजा. जागा अ, ब, क, ड अशा वेगळ्या आणि प्रत्येक जागेसाठी प्रत्येक मतदाराला एक मत. म्हणजे तेच मतदार एकामागून एक चार स्वतंत्र लढतींचा निकाल लावतात. ४० टक्क्यांचा गट एकजुटीने ‘पॅनेल टू पॅनेल’ मतदान करतो आणि विरोधक विभागलेले असले की चारही जागा त्याच्याच. राज्यसभेची ती निवडणूक अशी झाली असती, तर १६१ मतांच्या बाजूने सहाच्या सहा जागा नेल्या असत्या. प्रत्येकाला एकच मत आणि पसंतीक्रम, म्हणून तिथे तीन-तीन झाल्या.

आता हे तुमच्या प्रभागात करा. निवडणूक कार्यालयाने जाहीर केलेला उमेदवारनिहाय मतांचा तक्ता घ्या. चारही जागांवर प्रत्येक पक्षाला पडलेल्या मतांची सरासरी काढा, तिची टक्केवारी करा आणि चार जागांसाठी द’होंटचे भागाकार लिहा: १, २, ३, ४ ने भागून. आलेला निकाल प्रत्यक्ष निकालाशेजारी ठेवा. अपक्ष किंवा स्थानिक आघाडी असेल तर तिच्या मतांची वेगळी ओळ करा. ‘इतर’ मध्ये कोंबलीत तर तिथेच चूक होते. चारही नगरसेवक एकाच पॅनेलचे असतील, तर दुसऱ्या क्रमांकाच्या पॅनेलची ओळ आधी पाहा.